केसांवरचा क्रूस

आमच्या थोरल्या मावसबहिणीच्या लग्नाचा फोटो अजून तिच्या घरी भिंतीवर आहे. त्या फोटोत नवरीच्या मामाला चेहरा नाही. कोट आहे, टाय आहे, कोटाला लावलेलं फूल आहे, आणि मानेच्या वर जिथं तोंड असायला हवं तिथं माझे केस आहेत. मी त्याच्या पुढे उभी होते. सकाळी चापून बसवलेले केस फोटो काढेपर्यंत वाळले आणि उठले. आमच्याकडच्या बायकांचे केस नागमोडी असतात म्हणायची पद्धत आहे. माझे नुसते नागमोडी नव्हते, फणा काढलेले होते.

मामा ते विसरला नाही. दर सणाला, पानावर बसल्यावर, तो सुरू व्हायचा. "मी लग्नाला होतो याला पुरावा काय? भाची लग्न करून गेली, मामा गायब! ही केस वसईच्या कोर्टातच न्यायला पाहिजे." सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि मग मागीलदारी विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतून घ्यायचे. (घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. इथं ते सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे.)

दोन वर्षांनी धाकट्या मावसबहिणीचं लग्न ठरलं आणि मला करवली केलं. मामानं आईला निरोप धाडला, "या वेळी मला पुढे बसवा, नाहीतर तिला मागच्या वाडीत उभी करा." तेव्हाच मी ठरवलं की केस सरळ करायचे. मामाचं तोंड दिसलं पाहिजे, एवढीच माझी तळमळ होती. शपथेवर सांगते, नटायची हौस त्यात थोडीच होती.

आधी खोबरेल थापून पाहिलं. केस तेवढ्याच लाटांचे, पण तेलकट. मग ओले केस डोक्याभोवती गुंडाळून वर टॉवेल आवळून झोपले. सकाळी ते एकाच दिशेला उभे राहिले, वाऱ्यातल्या केळीसारखे. मग कोळशाची इस्त्री. पाटावर गाल टेकून, केस पसरून, मी इस्त्री उचलते न उचलते तोच आई आली.

"केस आहेत की परकर?"

"आई, जरासंच—"

"कान भाजला तर कोण करून घेणार तुला? ठेव ती!"

शेवटी शेजारच्या ताईनं मार्ग दाखवला. ती वांद्र्याला नर्स होती, रविवारी घरी यायची. परदेशात यासाठी यंत्रच असतं, म्हणाली. "लांब दांड्यांचा चिमटा असतो गं. दोन तापलेल्या पट्ट्या. मध्ये केस धरायचे, दाबायचं, झालं." वसईच्या बाजारात बांगडीवाल्याला मी असं यंत्र मागितलं. त्यानं बराच विचार करून पापड भाजायचा चिमटा काढून दाखवला.

परत येताना वाटेत एकदम लख्ख प्रकाश पडला. लांब दांडे, दोन तापलेल्या लोखंडी चकत्या, मध्ये ठेवायचं आणि दाबायचं. असलं यंत्र मी दर शनिवारी हाताळत होते.

आमच्या चर्चजवळच्या कॉन्व्हेंटात एक म्हातारी सिस्टर मिस्सेची भाकर भाजायची, चर्चमधल्या उपासनेत सगळ्यांच्या जिभेवर ठेवतात ती. गव्हाचं पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. शेगडीवर साचा तापवायचा, पळीभर पीठ ओतायचं, दांडे दाबायचे. पापडाएवढी पातळ, पांढरी चकती निघायची, तिच्यावर क्रूस उमटलेला. मग छापानं लहान लहान गोल कापायचे. मी तिच्या हाताखाली कापायला जायचे. उरलेलं कातरण आम्ही मुली खायचो. तेवढं पुण्य आमच्या वाट्याला.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारची घंटा झाली. सिस्टर प्रार्थनेला चॅपेलात गेली. "साचा गरम ठेव," म्हणाली. मी ठेवला.

पण ते यंत्र स्वतःच्या डोक्यावर चालवता येत नाही. दांडे हातभर लांब. डोकं एकीकडे, हात दुसरीकडे. शेवटी मी शेगडीपुढे गुडघे टेकले, एक दांडा गुडघ्याखाली दाबला, मान वाकवली, उजवीकडचे केस चकतीवर पसरले आणि दुसरा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. चर्र झालं. डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. सिस्टर चष्मा विसरली होती. तिला पाठमोरी मी दिसले असणार: गुडघ्यांवर, मान झुकवलेली, हात एकत्र, हुंदका देणारी.

"राहू दे, राहू दे, उठू नकोस," ती हळूच म्हणाली. "बहिणीसाठी मागतेस ना? माग, पोरी." आणि चष्मा न घेताच पाय न वाजवता निघून गेली.

उजवीकडचे केस सरळ झाले. सरळ म्हणजे झावळीसारखे चपटे, कडक, आणि कानाजवळ जरा निरखून पाहिलं तर त्यांच्यावर क्रूस. डावी बाजू करायची हिंमत झाली नाही. साचा फडक्यानं पुसला. सिस्टर परत आल्यावर तिनं नाक ओढलं.

"काही जळतंय का गं?"

"पीठ करपलं, सिस्टर."

तिनं पुढची चकती काढली. तिच्यावर मधोमध, क्रूसाला आडवा, एक केस भाजला गेला होता. तिनं तो उचलला, खिडकीशी नेला, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या शिरवस्त्राकडे गेला. चष्मा अजून कोनाड्यातच होता; त्याच्याशिवाय तिला पांढरा कुठला, काळा कुठला? मी छाप हातात धरून उभी होते. "माझा आहे" हे दोन शब्द तोंडाशी आले होते. मी गोल कापायला लागले.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मिस्सेत सगळ्यांनी भाकर घेतली. बाहेर मांडवात मामा मोठ्यानं म्हणाला, "आज भाकरीला खोबरेलाचा वास आला की काय? की मलाच भास?" फोटोच्या वेळी मी सरळ बाजू कॅमेऱ्याकडे केली. त्यामुळे फणा मागे गेला. त्या फोटोत मामाला अर्धा चेहरा आहे.

पुढच्या शनिवारी सिस्टरच्या शिरवस्त्राखाली आणखी एक फडकं होतं, कपाळावर काचेल असं आवळलेलं. "माझ्याकडून चूक झाली," एवढंच म्हणाली. फादरांपुढे पापनिवेदनही करून आली होती. मेच्या उकाड्यात, शेगडीपुढे, दोन फडक्यांत तिच्या मानेवरून घाम ओघळायचा आणि मी तिच्यासमोर बसून गोल कापायचे. मीही पापनिवेदनाला जायचेच. आईला उलट बोलले, साखर चोरली, मिस्सेत डुलकी घेतली, सगळं सांगायचे. तेवढं एक सोडून.

माझं स्वतःचं लग्न ठरल्यावर तिला आमंत्रण द्यायला गेले. शेगडी पेटलेली, दोन फडकी तशीच. त्या वेळी मात्र सांगितलं. सगळं, गुडघ्याखालच्या दांड्यासकट.

तिनं साचा शेगडीवरून खाली उतरवला. मग म्हणाली, "म्हणजे तू प्रार्थना करत नव्हतीस?"

"नाही."

"मी सगळ्या सिस्टरना तुझं उदाहरण देते!"

मी रडायला लागले. तिला ते आवडलं नाही. "गप. फादर तेव्हा म्हणत होते, सिस्टर, हे पाप नाही. मी भांडून प्रायश्चित्त घेतलं त्यांच्याकडून. आता काय परत करायला जाऊ? मी आहे तोवर कुणाला बोलायचं नाही. हसतील मला."

मग तिनं दाराकडे पाहिलं, शिरवस्त्र वर सारलं आणि आतलं फडकं ओढून काढलं. केस उसळून बाहेर आले. पांढरे शुभ्र, आणि माझ्यापेक्षा कुरळे.

"मी या केसांतून सुटायला थेट कॉन्व्हेंटाची वाट धरली बघ," ती म्हणाली, "आणि तू माझा साचा खराब केलास." ते फडकं तिनं घडी करून माझ्या हातात कोंबलं. "घे. आता तू बांध."

ती आता नाही, म्हणून लिहिते आहे. माझ्या लग्नाच्या फोटोत डोक्यावरच्या जाळीच्या वेलखाली ते फडकं आहे, कपाळावर काचणारं. माझ्या मागे मामा उभा आहे. त्याचा चेहरा पूर्ण दिसतो, हनुवटीपासून भांगापर्यंत.

त्यानं डोळे मिटलेले आहेत.