एका घरात दोन कुसुम

त्या दिवशी सरांनी आईला उभं राहायला सांगितलं. आई उठली नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका सभागृहात सरांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, गौरवग्रंथ. सर इंग्रजीचे प्राध्यापक, लेखक, समीक्षक. मीही इंग्रजीचा प्राध्यापक. कल्याणच्या त्यांच्याच कॉलेजात, त्यांच्याच हाताखाली लागलेला. सत्काराला उत्तर देताना सरांनी माझी गोष्ट सांगितली. प्रत्येक व्यासपीठावर ते ती सांगतात. मला ती पाठ आहे. मोलकरणीचा मुलगा. आईबरोबर घरी यायचा, चपलांच्या रॅकशेजारी बसून रद्दीतले इंग्रजी पेपर वाचायचा. सरांनी त्याला जवळ घेतलं. आज त्याच्याकडे डॉक्टरेट आहे, त्याची दोन पुस्तकं आहेत. इथे सर थांबतात. माझ्याकडे बघतात. मग पहिल्या रांगेकडे हात करतात.

"आणि ती माउली आज इथे आहे. बाई, जरा उभ्या राहा. लोकांना दिसू द्या."

आई उठायची. पदर सावरून हात जोडायची. टाळ्या पडायच्या. ती बसायची. सर पुढच्या मुद्द्याकडे वळायचे.

त्या दिवशी ती मांडीवर पर्स धरून बसून राहिली.

लोक माना वळवून बघायला लागले. कुणीतरी फोटोसाठी मोबाइल वर धरला होता, तो तसाच राहिला. सर हसले. "बाईंना हल्ली ऐकू कमी येतं." सभागृह हसलं. मी तिच्या शेजारी होतो. वाकून म्हणालो, "आई, ऊठ ना. सगळे बघतायत."

"बघू दे," आई म्हणाली. तिला नीट ऐकू येत होतं.

शेवटी मी उठलो. तिच्या जागी मी हात जोडले. टाळ्या पडल्या. कुणीतरी उभं राहिलं, तेवढं त्यांना पुरलं.

परत येताना आमची गाडी घोडबंदर रोडवर अडकली. पुढे डंपर, मागे बस, दोन्ही बाजूंना गाड्या. दार उघडायलाही जागा नव्हती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मला राग आला होता, तो इतका वेळ धरून ठेवला होता.

"असं काय केलंस? अपमान झाला."

"कुणाचा?"

आई काचेबाहेर बघत होती.

"त्यांच्याकडे मी उभीच होते रे," ती म्हणाली. "ओट्याशी उभी. दाराशी उभी. चहा प्यायचा तरी मोरीशी उभ्यानं. बस म्हणून कोण नाय बोललं कधी. आता खुर्ची दिलीय तर ऊठ बोलतात. नाय उठावंसं वाटलं."

ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "मावशी, इथं मात्र बसावंच लागणार तुम्हाला. हे काय हलत नाय एवढ्यात."

आई मोठ्याने हसली. मी हसलो नाही. मी सरांना काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो. तिला बरं नव्हतं. चक्कर आली होती. घरी पोचेपर्यंत माझ्याकडे चार-पाच चांगल्या सबबी तयार होत्या.

सरांवर मला अन्याय करायचा नाही. त्यांनी मला शिकवलं, हे खरं आहे. आम्ही तेव्हा मानपाड्याच्या चाळीत राहायचो. कारखान्यांचा वास कपड्यांना लागलेला असायचा. वडील लवकर गेले. आई डोंबिवलीत चार घरची कामं करायची, त्यातलं एक सरांचं. रविवारी सकाळी ती भांडी घासायची आणि सर मला इंग्रजी शिकवायचे. कवितेची लय कशी चालते ते त्यांनी मला टेबलावर बोटं वाजवून दाखवलं होतं. मी आजही वर्गात तसंच दाखवतो. माझी अडचण हीच होती. सर नुसते वाईट असते तर मी केव्हाच निघून गेलो असतो.

पाहुणे आले की हाक यायची. "ये रे, म्हणून दाखव." मी चपलांच्या रॅकपासून उठून हॉलच्या मध्यावर जायचो. हात मागे बांधून इंग्रजी कविता म्हणायचो. पाहुणे म्हणायचे, "उच्चार बघा!" सर म्हणायचे, "आणि याच्या आईला अक्षर येत नाही." आई त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात असायची, हातात ओलं फडकं. मग सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मला लाडू द्यायच्या. पाहुण्यांना बशीत, मला कागदावर. लाडू घेऊन मी पुन्हा रॅकपाशी.

पुढचं माझं सगळं शिक्षण आणि सगळी नोकरी हॉलचा मध्य आणि चपलांचा रॅक या दोन जागांच्या मधे झाली.

मला जुन्या इंग्रजी शोकांतिका आवडतात. एम.ए.ला असताना त्या मी वेड लागल्यासारख्या वाचल्या. राजे, खून, पश्चात्ताप, रिकामी झालेली घरं. पीएच.डी. त्यावरच करायची असं ठरवून मी सरांकडे गेलो. ते माझे मार्गदर्शक. त्यांनी माझा आराखडा वाचला, बाजूला ठेवला.

"हे करणारे खूप आहेत. तू तुमच्यावर लिही. तुमचं साहित्य, तुमच्या वेदना. ते अस्सल होईल."

मी आमच्यावर लिहिलं. मनापासून लिहिलं. त्याची मला लाज नाही. पण शोकांतिकांचा पेपर मला कॉलेजात कधी शिकवायला मिळाला नाही. तो नेहमी दुसऱ्या कुणाकडे. माझ्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं सक्तीचं इंग्रजी, आणि जयंतीचं भाषण. मी मागितलं की सर म्हणायचे, "अरे, त्या मुलांना तुझ्यासारखा माणूस हवा. तुला त्यांचं कळतं." हे ऐकून भांडणार कसं? स्टाफरूममध्ये एक सहकारी दर वर्षी तोच विनोद करायचा. "तुझं बरंय बाबा. एकीकडून सरकार, दुसरीकडून सर. आम्हाला वालीच नाही." सगळे हसायचे. मीही हसायचो. चहा संपवायचो. तासाला जायचो.

मग मी आईवर पुस्तक लिहिलं. इंग्रजीत. त्याला बरीच वर्षं लागली, कारण मी हळू लिहितो आणि आई हळू सांगायची. एका प्रकाशनसंस्थेने ते घेतलं. अट एक. सरांची प्रस्तावना हवी. नाव मोठं आहे, परीक्षणं येतील. मी हस्तलिखित सरांना नेऊन दिलं. सत्काराच्या आधीची ही गोष्ट.

सत्कारानंतर दोनेक महिन्यांत आई आजारी पडली. छातीत कफ, मग ताप, मग हॉस्पिटल. शुद्धीत असताना एकदा तिने विचारलं, "माझं पुस्तक आलं का रे?" मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "मला वाचता यायचं नाय. पण नाव दाखव. कुठं लिहिलंयस ते बोटानं दाखव." मी कबूल केलं. ते जमलं नाही. आई गेली.

शहाडच्या आमच्या घरी नातेवाईक आले, चाळीतली माणसं आली, कॉलेजची मुलं आली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं जिन्यापर्यंत बसली होती. बुद्धवंदना झाली. सगळे गेल्यावर, चार दिवसांनी, सर आले. माझ्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. त्यांच्या मुलाने गाडी खाली थांबवली होती. तीन मजले चढून सरांना धाप लागली होती. मी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"फार मोठी बाई होती."

त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं. मलाही भरून आलं. मग ते म्हणाले, "प्रस्तावना झाली आहे. लिहिताना मलाच गहिवरून आलं. फक्त एक कर. पुस्तकात तू आईला कुसुम केलंयस. तेवढं बदल."

मला कळलं नाही. "का, सर?"

"अरे, कुसुम तुझ्या काकूंचं नाव. आम्हाला ओळखणारे सगळे वाचणार. मोलकरीण, आणि तिचं नाव कुसुम! हिला फार लागलं ते. बोलली नाही, पण मला कळतं ना. लेखक नावं बदलतात, त्याला माझी ना नाही. पण तू सरळ शांताच ठेव. खरं नाव आहे, साधं आहे. मी प्रस्तावनेत शांताबाईच लिहिलंय."

"सर, आईचं नाव कुसुम."

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. खाली पट्टीवर नाव होतं. सरांनी चष्मा लावला, उठले, जवळ गेले. नाव वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ ते तिथे होते.

आई त्यांच्याकडे कामाला लागली तेव्हा सरांच्या मातोश्री होत्या. त्यांनी नाव विचारलं. आईने सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका घरात दोन कुसुम कशा चालतील? सुनेला हाक मारायची आणि हिनं ओ द्यायची? तुला शांता म्हणू आपण." अशी नावं त्या काळी खूप घरांत देत. नवं नाव फडक्यासारखं हातात द्यायचे, आणि बाई ते घेऊन कामाला लागायची. आई हे मला हसत सांगायची. स्वयंपाकघरातून "शांता!" अशी हाक आली की मी लहानपणी इकडेतिकडे बघायचो.

सरांना हे ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. सभांमध्ये ते बाई म्हणत, माउली म्हणत. नावाची वेळच आली नव्हती. घराने दिलेलं नाव घरालाच खरं वाटायला लागलं होतं. आणि पुस्तकात पानोपानी लिहिलेलं तिचं नाव वाचून त्यांना वाटलं, ते मी बनवलंय. काकूंवरून उचललंय.

सर परत येऊन बसले. "मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले. मी ऐकत होतो. ते एवढ्यावर थांबले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. मी पुन्हा विरघळलो असतो बहुतेक.

"पण आता वाचकाला काय फरक पडतो?" ते म्हणाले. "शांता काय नि कुसुम काय. व्यक्तिरेखा महत्त्वाची."

व्यक्तिरेखा म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या रविवारच्या सकाळी, आतून भांड्यांचा आवाज येत असताना.

"नाव बदलणार नाही, सर."

"दुःखात आहेस. आत्ता ठरवू नकोस."

"ठरलंय."

"प्रस्तावना नसेल तर ते छापणार नाहीत. कळतंय ना?"

"कळतंय."

"तुला इंग्रजी कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग?"

मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तुम्ही शिकवलंत ते मी विसरणार नाही. पण त्याच्या बदल्यात आईचं नाव मागू नका. आणि यापुढे तिची गोष्ट कुठल्या सभेत सांगू नका. माझीही."

सर उठले. दारात चपला घालताना भिंतीचा आधार घेतला. मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. "याला कृतघ्नपणा म्हणतात," ते म्हणाले.

"म्हणा, सर."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो नाही.

प्रकाशनाच्या संपादक बाईंचा फोन आला. आवाज गोड होता. "तुमच्या भावना मी समजू शकते हो. पण एक नावच तर आहे. पुस्तकाचं नुकसान का करता?" मी त्यांना तेच वाक्य सांगितलं, नाव बदलणार नाही. त्यांनी पुस्तक पुढे ढकललं, मग परत पाठवलं. स्टाफरूममधला तो सहकारी विनोद करत नाही आता. एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "म्हाताऱ्याला दुखावलंस रे. जा, पाया पड, मिटवून टाक. विभागप्रमुख व्हायचंय ना?" मी गेलो नाही. विभागप्रमुख दुसरे झाले.

मी कॉलेज सोडलेलं नाही. सोडून जायला जागा नाही. सर संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. विभागात त्यांचा फोटो आहे, माझ्या टेबलाच्या बरोबर समोर. माझ्याकडे अजून सक्तीचं इंग्रजीच आहे. लोक मला अजून सरांचा माणूस म्हणतात. फक्त पुढे "होता" लावतात. या सगळ्यातून मी सुटलो, असं मी लिहिणार नाही. सुटलेलो नाही.

शोकांतिकांच्या पेपरसाठी मी यंदाही लेखी मागणी केली. नाकारली. पुढच्या वर्षी करीन. त्याच्या पुढच्या वर्षीही. कुणाच्या व्यासपीठावर आता मी जात नाही. कुणाच्या पहिल्या रांगेत बसत नाही. माझ्या पुस्तकाला कुणाची ओळख जोडणार नाही. छापणारा मिळाला तर जसं आहे तसं छापेल. नाही मिळाला तर मी स्वतः छापीन.

आई नाही. प्रस्तावना नाही. प्रकाशक नाही. पुस्तक आहे, आणि ते असंच राहील.