चुगलखोर मशीन

गेली वीस वर्षं क्लबचा स्विमिंग पूल साफ ठेवायचा तो रुपरावानंच. यंदा सेक्रेटरी मधुसूदनरावांनी हौसेनं एक मशीन आणली. ती तळाशी कासवासारखी फिरून गाळ ओढायची आणि पाणी बिघडलं की लाल दिवा लावून ठणाणा करायची. पण ती बोंबलायची रोज सकाळी साडेसहाला, मधुसूदनराव पोहायला उतरले की लगेच. रुपराव गालातल्या गालात हसायचा.

चौथ्या दिवशी ते भडकले, "काय बिघडलं गा हिचं?"

"काहीच नाही, साहेब," रुपराव म्हणाला. "तुमच्या डोक्याचं तेल मी वीस वर्षं पाण्यावरून गुपचूप टिपलं, कोणाले सांगितलं नाही. ही नवीन आहे. शिकन हळूहळू."