सगळ्यात हळू, तो पुढे

शहाद्यात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दुकानात पेनांची टोपणं साठतात. पेनं कुठे जातात ते तीस वर्षांत कळलेलं नाही, पण ड्रॉवर उघडला की टोपणं हजर. आमच्या शनिवारच्या मंडळाचे किस्से असेच साठलेत. कोणत्या महिन्यात काय वाचलं ते कोणाला आठवत नाही, किस्से तेवढे शिल्लक आहेत.

मंडळ म्हणजे फार काही नाही. दर शनिवारी चार वाजता दुकानाच्या मागच्या खोलीत, वह्यांच्या गठ्ठ्यांवर बसून, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं. दोनेक महिन्यांतून एकदा डोंगरात जायचं. सुरुवातीला तिघंच होतो. एक मी. दुसरे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर नाना. ते मराठीत बोलतात, पण नियम सांगायचा किंवा रागवायचं म्हटलं की अहिराणीवर येतात. तिसरे तापीकाठचे केळीवाले हरीभाई. त्यांना खोटं बोलता येत नाही. हा गुण ऐकायला बरा वाटतो. सहलीला नेऊन बघा.

*

पहिल्या सहलीला आम्ही सातपुड्याच्या पायथ्याची एक साधी टेकडी निवडली होती. माझे गुडघे तेव्हाही असेच दुखरे होते. नाना आणि हरीभाई गप्पा मारत पुढे गेले, मी मागे राहिले. अर्ध्या वाटेवर महूचं, म्हणजे मोहाचं, झाड दिसलं, त्याच्याखाली बसले. तासभर कोणी आलं नाही. मी डबा उघडून जेवून घेतलं.

तिघांचाही डबा माझ्याच पिशवीत होता, हे त्या दोघांच्या वर पोचल्यावर लक्षात आलं.

दोघं खाली आले आणि आधी डब्यापाशी बसले. दोन भाकरी खाऊन झाल्यावर नाना म्हणाले, "भाबी, एसटीमा मांगलं माणूस चढस नही तवलगून घंटी नही. आपण घंटी मारी दिन्ही, हाई आपली चूक शे. आतेपासून जो सगळास्मा हळू, तो पुढे. बाकीना मांगे."

तेव्हापासून तीन वर्षं मी सगळ्यांच्या पुढे चालतेय. मागून फोटो काढणाऱ्यांना हे काय माहीत. आमच्या समाजाच्या महिला मंडळाने एकदा माझा सत्कार केला, "गिर्यारोहण गटाचं नेतृत्व करणाऱ्या" म्हणून. शाल दिली, नारळ दिला, आणि माईक देऊन विचारलं, या नेतृत्वाचं रहस्य काय?

मी म्हटलं, "गुडघे."

*

हाच नियम मग पुस्तकालाही लागला, त्याला कारण हरीभाई. ते भराभर वाचतात. एका रहस्यकथेच्या दुसऱ्याच शनिवारी नानांनी सहज विचारलं, "मुनीम बरा माणूस वाटतो, नाही का?" हरीभाई खोटं बोलू शकत नाहीत. ते नुसते पंख्याकडे बघत राहिले. खून मुनिमाने केला हे आम्हाला त्या पंख्यामुळे कळलं.

म्हणून ठरलं. ज्याचं वाचन सगळ्यात मागे, त्याच्या पानापर्यंतच बोलायचं. आणि पुढचं पान त्यानेच मोठ्याने वाचून सुरुवात करायची.

त्या काळात सगळ्यात मागे नाना असत. ते पुस्तक तिकिटासारखं दोन्ही बाजूंनी तपासून घेतात. मुद्रकाचा पत्ता, आवृत्ती कितवी, अर्पणपत्रिका, सगळं. एकदा प्रस्तावनेतल्या आभारांत दोन शनिवार गेले. एका मावशींचे आभार का मानले असतील यावर चर्चा झाली, आणि खरं सांगते, ती चांगली झाली.

*

गेंदीबाई आल्या त्या खडूचा बॉक्स घ्यायला.

गेंदीबाई पावरा इथल्याच एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. गाव धडगावच्या वर डोंगरात. त्या दिवशी आतून नानांचा वाचनाचा आवाज येत होता. त्या खडू हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, आत शाळा आहे का?"

"नाही हो, मोठी माणसं आहेत. नुसती वाचतात."

"परीक्षा?"

"नाही."

त्यांना ते खरं वाटलं नाही. पुढच्या शनिवारी बघायला आल्या आणि दारातच सांगून टाकलं, "मी चौथीपर्यंत शिकलेय. घरी आमची पावरी बोली. मराठी वाचायचं तर एक ओळ दोनदा वाचावी लागते, एकदा अक्षरांसाठी, एकदा अर्थासाठी. मला वेळ लागेल. चालेल का?"

नाना सरकले आणि मधला गठ्ठा रिकामा करून दिला. "मंग तू पुढे बठ, बहीण."

नंतर एकदा त्यांनी मला सांगितलं की वसतिगृहात एकशेवीस मुलींना वाढून झाल्यावर त्या जेवतात, घरीही सगळ्यांचं झाल्यावर जेवायच्या, आणि 'पुढे बस' असं त्यांना कोणी म्हटल्याचं आठवत नाही. मी तीन वर्षं पुढे चालून शाल घेतली होती. मला शरम वाटली.

*

तेव्हा आमचं पुस्तक होतं हिमालयातल्या एका मोहिमेचं. चांगलं जाडजूड. साहसी माणसं, वादळ, बर्फ.

बाराव्या पानावर ती साहसी माणसं बर्फ वितळवून चहा करतात. गेंदीबाई थांबल्या. "एवढ्या बर्फाला लाकूड किती लागलं असेल? आणि ते वर कोणी नेलं?"

आम्हा तिघांपैकी कोणालाच हा प्रश्न पडला नव्हता. हरीभाईंनी तर ते पान अर्ध्या मिनिटात उलटलं होतं. लाकूड नव्हतं, रॉकेल होतं, हे पुढे एकोणिसाव्या पानावर कळलं. कोणी नेलं तेही तिथेच कळलं. तेरा हमाल होते. गेंदीबाईंनी ते पान उलटसुलट करून बघितलं.

"साहेबलोकांची नावं आहेत. त्यांच्या कुत्र्याचं पण आहे. या तेरा जणांचं एकाचंही नाही."

नाना म्हणाले, "राहिलं असेल लिहायचं."

"तेराही जणांचं?"

मग त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि आपल्या प्रतीत नावं घातली. दित्या, वेस्ता, जाण्या, नुऱ्या, अशी तेरा. त्यांच्या गावात जी माणसं चांगला भार उचलतात त्यांची. 'एक हमाल घसरला' असं छापलेलं असेल तिथे समासात बारीक अक्षरात 'नुऱ्या'. कोण कोणत्या पानावर काय करतो ते त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. त्यामुळे पुस्तक आणखी हळू झालं. पण नुऱ्या घसरला त्या शनिवारी नानांनी चहा अर्धा ठेवला. नावं पडण्याआधी एकोणिसाव्या पानावरच चार हमाल घसरले होते, त्यांच्यासाठी नव्हता ठेवला.

*

एकदा घाटातल्या एका विश्रामगृहावर थांबलो. तिथल्या माणसाने तीन खुर्च्या आणल्या, आम्ही चौघं. गेंदीबाईंकडे बघून म्हणाला, "बाई, तू आत जा. चूल पेटवलेली आहे, यांचा चहा टाक."

नाना रागवायला उभे राहिले, म्हणजे अहिराणी सुरू होणार होती. त्याआधीच गेंदीबाई नानांच्या खुर्चीवर बसल्या.

"मी रोज एकशेवीस जणींचा चहा करते. आज सुट्टीवर आहे. तुम्ही टाका."

त्याने टाकला. गेंदीबाईंनी एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," त्या म्हणाल्या, "पण चांगला झालाय. शिकाल."

*

मग बँकेचे साहेब आले. पुण्याहून बदली होऊन आलेले, देशमुख नाव. माणूस वाईट नाही, हे आधी सांगते. त्यांना वाचायला सोबत हवी होती. पुस्तक त्यांनी दोन दिवसांत संपवलं आणि पहिल्याच शनिवारी येऊन विचारलं, "आपण कोणत्या पानावर आहोत?"

"त्रेचाळीस," हरीभाई म्हणाले.

"किती दिवसांत?"

"चार महिन्यांत." हरीभाई खोटं बोलत नाहीत.

साहेब हसले नाहीत, त्यांना काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर व्यवस्थित मेसेज आला. दर पंधरा दिवसांनी एक पुस्तक. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी साहेब स्वतः सारांश सांगतील. गेंदीबाईंसाठी मोठ्या अक्षरातलं, सोपं, चित्रांचं पुस्तक ते स्वखुशीने आणून देतील.

उत्तर कोणी दिलं नाही. मीही दिलं नाही. दुकानात गर्दी होती असं मी स्वतःला सांगितलं. रविवारी दुपारी दुकानात कोण येतंय?

गुरुवारी गेंदीबाई आल्या. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक काउंटरवर ठेवलं. "ताई, माझ्यामुळे सगळे अडकलेत. साहेबांचं बरोबर आहे."

मी म्हणायला हवं होतं की बरोबर नाही. माझ्या गुडघ्यांसाठी तीन वर्षं सगळे थांबले, तेव्हा कोणी मला चित्रातला डोंगर आणून दिला नाही. हे सगळं मला त्या गेल्यावर सुचलं. तेव्हा तोंडातून एवढंच आलं, "रविवारी तुमच्याच गावच्या डोंगरावर जायचंय. वाट कोण दाखवणार?"

त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "डोंगरावर येते," म्हणाल्या. "पुस्तकाला नाही."

शनिवारी त्या आल्या नाहीत. साहेबांनी सारांश सांगितला. वीस मिनिटांत मोहीम शिखरावर जाऊन परत आली. नानांनी विचारलं, "आणि दित्या?" साहेब म्हणाले, "कोण दित्या?"

*

रविवारी साहेब पूर्ण तयारीनिशी आले. बूट, दोन्ही हातांत घडीच्या काठ्या, पाठीवर सॅक, सॅकमधून तोंडापर्यंत पाण्याची नळी. गेंदीबाई चपलेवर होत्या.

पहिल्या चढातच साहेबांचा श्वास वाजायला लागला. अर्ध्या तासात ते माझ्याही मागे पडले. मी सांगते, एवढा आनंद मला सत्कारातसुद्धा झाला नव्हता.

नाना थांबले. "साहेब, तुम्ही पुढे व्हा."

"नाही, नाही. तुम्ही जुने लोक. मान तुमचा."

"नियम शे," नाना म्हणाले.

साहेब संकोचले, मग पुढे झाले. दोन तास त्यांनी आमचं नेतृत्व केलं. दर दहा पावलांनी थांबायचे, मागे वळायचे आणि धापा टाकत म्हणायचे, "या, या. घाई नाही. तुमच्या वेगाने या." आम्ही त्यांच्या वेगाने गेलो. त्यांच्या मागोमाग गेंदीबाई, हळूच सांगत, "साहेब, डावीकडे. साहेब, तो दगड हलतो."

वर पोचल्यावर साहेबांनी सगळ्यांचा फोटो काढला आणि हरीभाईंना विचारलं, "मी तर नवा माणूस. मलाच का पुढे ठेवलंत?"

नानांनी हरीभाईंकडे डोळे वटारले. काही उपयोग नव्हता. हरीभाईंनी सगळा नियम सांगितला, माझ्या डब्यापासून.

साहेब एका दगडावर बसले. बराच वेळ काठ्या मिटवत होते. त्या मिटल्या होत्या, तरी मिटवत होते. मग गेंदीबाईंना विचारलं, "तुम्ही एकट्या असता तर किती वेळ लागला असता?"

"इथवर? अर्धा तास, पाऊण तास."

"मग आमच्याबरोबर अडीच तास कशाला घालवलेत?"

गेंदीबाईंना प्रश्नच समजला नाही. "वर एकटी येऊन काय करणार, साहेब?" त्या म्हणाल्या आणि त्यांच्या हातात भाकरी ठेवली.

*

मंगळवारी साहेब दुकानात आले. एक पेन्सिल घेतली. मग म्हणाले, "गेंदीबाईंचं पुस्तक इथे आहे ना? जरा बघू?" स्टुलावर तासभर बसून, स्वतःची प्रत शेजारी उघडून, त्यांनी ते बघितलं.

शनिवारी चारला सगळे जमले, गेंदीबाई सोडून. सव्वाचारला त्या काउंटरपाशी आल्या. खडू पाहिजे म्हणाल्या. आदल्या दिवशीच बॉक्स नेला होता. मी खडू काढलेच नाहीत, त्यांचं पुस्तक काढून हातात दिलं. त्या आत येऊन दाराशी, शेवटच्या गठ्ठ्यावर बसल्या. "ऐकायला आलेय," म्हणाल्या.

नानांनी नेहमीसारखी पानं विचारायला सुरुवात केली, तिकीट तिकीट करत फिरायचे तशी. हरीभाई साठ. मी पंचावन्न. नाना स्वतः बावन्न.

"बहीण, तुन्हं पान कितलं?"

गेंदीबाईंनी खाली बघत सांगितलं, "त्रेचाळीसच."

"साहेब?"

साहेबांनी घसा साफ केला. "एकेचाळीस."

खोलीत कोणी कोणाकडे बघितलं नाही. हरीभाई पंख्याकडे बघत होते.

"मंग तुम्ही पुढे," नाना म्हणाले.

साहेब उठून मधल्या गठ्ठ्यावर आले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. "वादळ ओसरल्यावर पहाटे दित्या दोर खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे निघाला."

"दित्या नाही, साहेब," दारातून गेंदीबाई म्हणाल्या. "दित्याला एकोणचाळिसाव्या पानावर ताप आलाय. हा वेस्ता."

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि समासात खोडून पुन्हा लिहिलं.