मापात बसवलेली घोडी

ती घोडी आजही आठवते आणि माझं डोकं पुन्हा फिरतं. नोकरीत खून पाहिले, जळालेली प्रेतं पाहिली. पण तिच्या चार पायांसमोर जसा सुन्न झालो, तसा कधीच झालो नाही.

तेव्हा मी कर्वेनगर भागात पोलीस निरीक्षक होतो. जवळच्या मैदानावर भीमथडी घोड्यांचं प्रदर्शन होतं. आपल्याच मातीतली ही जात लोकांनी पाहावी म्हणून शहरभर फलक लागले होते आणि प्रत्येक फलकावर एकाच घोडीचा फोटो. तिचा मालक प्रदर्शनाचा मुख्य माणूस. भीमथडी घोडा बुटका नि काटक. ठरलेल्या उंचीच्या वर गेला की संकर समजून बाद, हा नियमही त्याच्याच आग्रहाने झालेला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तोच फिर्याद द्यायला आला. "साहेब, काल मोजणीत घोडी पास झाली. त्यानंतर कुणीतरी तिचे खूर तासले. उभी राहत नाही हो."

त्याचा संशय स्पर्धेत उतरलेल्या दौंडकडच्या एका घोडेवाल्यावर होता. त्याला ठाण्यात आणलं, तर त्याने हात जोडले. "सायेब, म्या न्हाई हात लावला. मला आत टाकलं तर उद्या माझं घोडं रिंगणात कोन नेनार?"

तेवढ्यात वरून फोन आला. "दौंडवाल्याची अटक दाखवा, विषय संपवा."

ठाणे अंमलदार अटकेचे कागद भरत असतानाच एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला.

"अहो, आवाजाची तक्रार घेता ना? की फक्त गणपतीतच घेता?"

"बोला बाई."

"मैदानाला लागून राहते मी. परवा दुपारभर तिथे कानस घासत होते. सोसायटीच्या अध्यक्षांना सांगितलं, तर म्हणाले, पार्किंगचं असेल तरच बोला."

परवा. म्हणजे मोजणीच्या आधी! मी अटक थांबवली आणि पशुवैद्यांना घेऊन मैदानावर गेलो.

घोडी तंबूत आडवी पडली होती. पशुवैद्यांनी एकेक पाय उचलून दाखवला. "जिवंत मांसापर्यंत तासलंय. बोटभर खूर गेलाय. पहिला दिवस कसाबसा निघतो, मग सूज चढली की जनावर कोसळतं." चारही पाय सारखेच. कुठे तिरका घाव नाही की घाई नाही. वैरी एक पाय निकामी करून पळतो. चारही पाय असे मन लावून कोण तासेल?

मी मार्केट यार्डातल्या हमालाचा मुलगा. लोखंडी वजन खालून पोखरणारे व्यापारी मी लहानपणीच पाहिले. मापात पाप असलं की ते बुडाशी सापडतं.

मालक शेजारीच उभा होता. मी घासाघीस सुरू केली.

"दौंडवाल्याला आत्ता आत टाकतो. पण माझी एक अट. घोडीच्या पायांखाली बोटभर जाडीची फळी सरकवू आणि उंची पुन्हा मोजू."

"नको साहेब. दुखतंय तिला."

"बरं, ती बरी झाल्यावर मोजू. तोवर फिर्याद थांबवतो. कबूल?"

तो घोडीच्या मानेवरून हात फिरवू लागला.

"मग परवा दुपारी कानस कोण घासत होतं, तेवढं सांगा."

तो घोडीच्या पायांशी बसला. "बोटभर वाढली हो ती. फक्त बोटभर. नियम माझा, फलकावर फोटो तिचा. तीच बाद झाली असती तर कुठं तोंड दाखवलं असतं?"

"म्हणून स्वतःचं तोंड वाचवायला तिचे पाय घेतलेत?" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरचे शिपाई आत धावले.

तो हुंदके देत तिचं नाव घेऊ लागला. आणि ती हाक ऐकताच घोडीने कान टवकारले. त्याच्याकडे जायला म्हणून ती त्या पायांवर उठू लागली. अर्धी उठली आणि कोसळली. पशुवैद्यांनी तोंड फिरवलं. माझ्या हातातली टोपी कधी पडली, मला कळलं नाही.

दौंडवाल्याला सोडलं. मालकावर प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा दाखल केला. वरचा फोन न ऐकल्याचं बक्षीस म्हणून मला नियंत्रण कक्षात बसवलं. ते मी आजही विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. त्या घोडीचे फलक मात्र पुढे कित्येक दिवस चौकाचौकात झळकत होते. त्यांवर ती चार पायांवर ताठ उभी होती.

तेव्हापासून एक शिकलो. वैऱ्याचा घाव घाईचा आणि वाकडातिकडा असतो. घाव नीटनेटका दिसला, की मी आधी विचारायचो, या जिवावर सगळ्यात जास्त माया कोणाची?