न दिसणारा टाका

रफूकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे. चाळीस वर्षं ते लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कोटांची भोकं बुजवायचे. विडीनं जळालेलं असो, उंदरानं कुरतडलेलं असो, त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतनं धागा उपसायचा आणि भोक असं गायब करायचं, की गिऱ्हाईक उजेडात कोट धरून शोधत बसायचं. नाही सापडलं, की काका गालातल्या गालात हसायचे. घरी तेवढंही हसत नाहीत, असं काकूंचं म्हणणं.

त्यांची लेक चित्रं काढायची, तीसुद्धा घरातलीच. बाबांचा चष्मा, गळका नळ, खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेली आई. यावरून मायलेकींत चार दिवस अबोला होता, तो भाग वेगळा. लेकीनं अशी बारा चित्रं छपाईवाल्याकडून कापडावर छापून आणली. आता त्या रेघांवर हाताचं भरतकाम करायचं आणि सगळं प्रदर्शनाला द्यायचं. तिथून दोनदा नकार आला होता. या खेपेला नाही घेतलं तर चित्रं माळ्यावर टाकून नोकरी धरते, असं तिनं सांगूनच टाकलं. टाके घालायचं काम तिनं बाबांना दिलं. घरचाच कारागीर, बाहेर विचारायला कशाला जायचं.

काकांनी दोऱ्यासाठी बाजारात तीन चकरा मारल्या. छापाच्या शाईला तंतोतंत जुळणारा करडा दोरा आणला आणि महिनाभर मान मोडून टाके घातले.

प्रदर्शनाच्या बाईंनी कापडं उलटीपालटी करून बघितली. म्हणाल्या, "छपाई छान आलीय. भरतकाम कधी करणार?"

लेकीचा चेहरा पडला. काकांची मात्र छाती फुगली. उभ्या जन्मात एवढी शाबासकी मिळाली नव्हती ना! वाटभर बापाचं हसू मावेना आणि पोर चार पावलं पुढंच चालत राहिली. दोघांनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या काकूंनी विचारलं, पोरीचं बुडालं आणि तुम्ही मिशीला कसले पीळ देताय?

बाईंनी आठ दिवसांची मुदत दिली होती. लेकीनं जाड लाल दोऱ्याचं रीळ पुढ्यात ठेवलं.

"बाबा, आता दिसू द्या."

"दिसला तर तो टाका कसला गं? गिऱ्हाईक तोंडावर फेकतं."

पण पोरीचे डोळे बघितले आणि सुई ओवली. पहिला लाल टाका घातला, मग उठून खिडकी लावून घेतली. शेजाऱ्यांनी बघितलं तर चाळीस वर्षांची अब्रू जायची. आठ दिवसांत बाराही कापडं लाल झाली. शेवटचं काकूंचं. त्यात हनुवटीपाशी एक टाका तिळभर घसरला. उसवायला गेले, तर लेकीनं कात्रीच लपवली.

बाईंनी बाराच्या बारा घेतली. प्रदर्शनाच्या दिवशी काका सकाळपासून काकूंच्या चित्राला पाठ लावून उभे. चहाला हलले नाहीत की पाण्याला. लोक येत, डावीकडून डोकावत, उजवीकडून डोकावत आणि पुढच्या कापडाकडे जात. लेकीनं विनवलं, उपयोग शून्य.

शेवटी काकू आल्या. "अहो, सरका. लग्नाला एवढी वर्षं झाली, एकदा तरी मला पुढं येऊ द्या."

काका सरकले. एक वीत.

"अजून," काकू म्हणाल्या.