जिनातल्या गंगारामची भरपाई

कापसाच्या जिनात काम केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. रोज अंग चोळून धुतलं तरी कानामागे रुई राहतेच, तसे तेही राहून जातात. कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी हजेरी घ्यायचो. तिथलं सगळं सांगत बसलो तर तुमचा चहा थंड होईल. गंगारामचं तेवढं सांगतो.

*

गंगाराम आमचा तेलवाला. म्हणजे तेल विकायचा नाही, चालत्या शाफ्टला तेल घालायचा. त्याचा जिवलग उस्मान मिस्त्री. इंजिन त्याच्या ताब्यात.

एकदा मिस्त्री अकोल्याहून बातमी घेऊन आला. "सरकारनं कायदा केला! कामावर हातपाय तुटला, तं मालकाले भरपाई द्या लागते."

कोणाचा विश्वास बसेना. गंगाराम भाकर मोडता मोडता म्हणाला, "अन् तुटलेला हात परत देते का तुहा कायदा?"

मिस्त्री म्हणाला, "हात नाई देत बाबा. भात देते!"

जिनभर हसू पसरलं. कायदा आपल्या कामाचा आहे, असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

*

मग ऐन हंगामात एक पट्टा सरकला आणि गंगारामचा उजवा हात पुलीत ओढला गेला. पट्टा सोडवून शाफ्ट थांबवायचा दांडा मोडलेला. मिस्त्रीनं धावत जाऊन इंजिनच बंद केलं, म्हणून माणूस वाचला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

गंगारामची बायको पार्वता खाटेजवळ बसून रडत होती. शुद्धीवर आल्या आल्या गंगारामनं बांधलेल्या हाताकडं बघितलं आणि म्हणाला, "रडू नोको वं. सही तं मी आंगठ्याचीच करतो!"

ती रडता रडता हसली. मी मात्र बाहेर जाऊन उभा राहिलो.

*

मॅनेजरचं म्हणणं, चूक गंगारामची. "चालत्या पट्ट्याजवळ हात नेलाच कशाला?"

"मोडक्या दांड्याचं मी तुमाले सांगतलं होतं साहेब," मिस्त्री म्हणाला, "अन् अकोल्याच्या भरपाईच्या साहेबालेबी तेच सांगीन."

मॅनेजर थंडपणे म्हणाला, "नोकरी नको झाली का?"

"नोकरी दुसरी भेटते साहेब. गंगाराम दुसरा कुठून आणू?"

मूर्तिजापूरला गाडी बदलून आम्ही तिघं अकोल्याला गेलो. भरपाईच्या साहेबापुढं मालकाच्या वकिलानं गंगारामला घेरलं. नशेत अपघात झाला असं ठरलं, की दावा बुडाला!

"खरं सांग. त्या दिवशी तू दारू प्यालेला होतास ना?"

गंगारामनं शांतपणे विचारलं, "पेलो असतो, तं इतकं दुखलं असतं का वकीलसाहेब?"

साहेबानं रुमाल तोंडाला लावला. खोकला आला नव्हता!

मग मिस्त्रीनं दांड्याचं सगळं सांगितलं, आणि निकाल गंगारामच्या बाजूनं लागला. परत आल्यावर मॅनेजरनं मिस्त्रीला काढायचं मनावर घेतलं होतं. पण हंगाम चालू होता, आणि आमचं इंजिन दुसऱ्या कोणाचं ऐकतच नव्हतं!

*

भरपाई मिळाल्याचं कळलं आणि गंगारामला कामरगावापासून रिसोडापर्यंत सोयरे फुटले. दवाखान्यात एकही फिरकला नव्हता. आता कोणाला बैल घ्यायचा होता, कोणाचं घर गळत होतं.

पार्वतानं सगळ्यांना चहा पाजला. सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग पदर खोचून म्हणाली, "भरपाई पायजे ना? मंग जिन चालूच हाय. जा, घाला बोटं!"

दिवेलागणीच्या आत घर रिकामं.

*

त्यानंतर आमच्या पट्ट्यांना जाळ्या आल्या, नवे दांडे आले. गंगारामला बसून करायचं काम मिळालं. दांड्यापाशी बसायचं आणि नजर ठेवायची.

एकदा मॅनेजर पाहुण्यांना जिन दाखवत होते. जाळी कशी पक्की आहे ते सांगता सांगता वाकले, आणि धोतराचा सोगा बाजूच्या शाफ्टनं धरला. क्षणात माणूस ओढला जाऊ लागला. गंगारामनं डाव्या हातानं दांडा ओढला. पट्टा सुटला. शाफ्ट थांबला. मॅनेजर अर्ध्या धोतरात उभे.

 उस्मान मिस्त्री खांद्यावरचा गमछा त्यांच्यापुढं धरून म्हणाला, "जीव वाचला साहेब, शुकर करा. धोतराची भरपाई मात्र कायद्यात नाई!"

त्या दिवसापासून मॅनेजर त्याला 'गंगारामजी' म्हणायला लागले.

*

आता शेवटचा. गंगारामच्या मुलीचं, शांताचं लग्न. मांडवात अख्खं जिन लोटलेलं. कन्यादानाची वेळ आली. पार्वता पाणी सोडत होती आणि गंगारामच्या ओंजळीत ते थांबेना. उजव्या बाजूनं सगळं गळून जायचं. दोनदा झालं, तीनदा झालं. गंगारामची मान खाली गेली.

वरपक्षातला एक म्हातारा म्हणाला, "मुलीच्या काकाले बसवा ना."

गंगारामनं मान वर केली. मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ उस्मान मिस्त्री उभा होता.

"मिस्त्री, ये इकडं."

"अरे, मी काहून? लोक काय म्हणतीन?"

"पानी सांडून राह्यलं. ये."

मिस्त्री आला. गंगारामशेजारी बसला आणि त्याच्या उजव्या हाताखाली आपला हात धरला. पार्वतानं पुन्हा पाणी सोडलं. या वेळी ते थांबलं.

 आम्ही सगळे भटजींकडं बघत होतो. भटजी त्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला.

"मिस्त्री, अजून थोडं पुढं सरका. मुहूर्त चाललाय."