मुठीतलं मुसळ

साधारण एकोणीसशे तीसची गोष्ट. कार्ल्यात नव्यानं नांदायला आलेली मुक्ता भात कांडताना इतर बायकांसारखं मुसळ वरून सोडून देत नसे, मुठीत धरूनच खाली आणी. "लय हळू गं बाई!" म्हणत बायका हसायच्या. हसू देत! मुसळ आपटायला जोर पुरतो, निघालेला हात आवरायला डोकं लागतं.

एकदा त्याच बायकांदेखत अंगणात तिची सासू, धोंडाबाई, उखळातलं भात हातानं खालीवर करत होती. मुक्ताचं मुसळ खाली निघालं आणि धोंडाबाईची पाटली उखळाच्या फुटक्या काठाला अडकली. हात आतच!

मुसळ हाताच्या बोटभर वर थांबलं. मुक्ताचे खांदे थरथरले, पण मुसळ तसूभरही खाली आलं नाही.

 धोंडाबाईनं पाटली सोडवली, हसणारींकडं एकवार पाहिलं आणि तोच हात पुन्हा उखळात घातला.

"हान आता, पोरी!"